गच्चीवरचं दगडफूल

त्या घरात चुली दोन होत्या आणि विस्तव एक. मुनीर साहेबांच्या अंगणाच्या एका अंगाला त्यांच्या पत्नीचं, अमीना खालांचं स्वयंपाकघर होतं, आणि दुसऱ्या अंगाला, पूर्वी जळण ठेवायच्या खोलीत, माझी गोदाआत्या आणि मी राहत होतो. मी करमाडहून शहरात कॉलेजला आले तेव्हा वडिलांनी मला साहेबांच्या हवाली केलं, आणि माझ्या जेवणाची, शिवाय घराण्याच्या सोवळ्याची राखण करायला आपल्या विधवा बहिणीला माझ्यासोबत धाडलं. आत्या खालांच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे. पण सकाळी जिची चूल आधी पेटेल तिनं दुसरीला विस्तव द्यायचा, हे मात्र पहिल्याच आठवड्यात न बोलता ठरून गेलं. खालांची चूल नेहमी आधी पेटायची, कारण त्या पहाटे फजरच्या नमाजाला उठत. आत्या गोवरीचा तुकडा घेऊन अंगण ओलांडायची, उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि म्हणायची, "भाबी, इस्तू द्या वो थोडा." खाला चिमट्यानं निखारा उचलून त्या तुकड्यावर ठेवत. विस्तवाला विटाळ नसतो, असं आत्याचं शास्त्र होतं. ते कुठल्या पोथीत लिहिलंय असं मी एकदा विचारलं, तेव्हा तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

वडिलांनी मला त्या घरात का ठेवलं, हे भावकीतल्या कुणालाच पटलं नव्हतं. रझाकारांचे दिवस अजून सगळ्यांच्या तोंडी होते, आणि त्यानंतरचे दिवस कुणाच्याच तोंडी नव्हते. वडील शाळेत साहेबांच्या हाताखाली उर्दूत शिकले होते. पोलीस ॲक्शनच्या आधी साहेबांनी वडिलांना आठ दिवस आपल्या घरात लपवून ठेवलं होतं, आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर वडील त्याच घराच्या दारात बाज टाकून आठ दिवस बसून होते. दोघंही त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत. वडील शहरात आले की साहेबांसाठी हुरडा किंवा बोरं आणत, साहेब त्यांना चहा पाजत, आणि दोघं पावसापाण्याचं बोलत बसत.

साहेब जुन्या राज्यात वनस्पतिशास्त्र शिकवत. उर्दूत. राज्य गेलं, उर्दूतलं शिकवणंही गेलं, आणि नोकरी वेळेआधीच सुटली. दुसरा एखादा माणूस खचला असता. साहेबांनी बिस्किटांचे पत्र्याचे डबे जमवले आणि त्यांत चिठ्ठ्या लिहून ठेवायला सुरुवात केली. एका शब्दाची एक चिठ्ठी. डावीकडून इंग्रजी, जर्मन, फ्रेंच असे शब्द यायचे, उजवीकडून उर्दू यायचा, आणि मध्ये दोन बोटं जागा मोकळी राहायची. ती जागा मराठीची. ती भरायचं काम माझं होतं. आज त्या कामाचा विचार करते तेव्हा हसू येतं. सतरा वर्षांची मुलगी, जिला परागकण आणि पराग यातला फरक परीक्षेच्या आदल्या दिवशी कळला, ती एका भाषेचं शास्त्र लिहायला बसली होती. पण साहेब माझा प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणून बघत, जिभेवर घोळवत, आणि पटला तरच शाईनं लिहू देत. न पटला तर म्हणत, "पेन्सिलीत राहू दे, बेटी. शब्दालाही मुरायला वेळ लागतो."

एक चिठ्ठी मात्र साहेबांना सगळ्यांत लाडकी होती. इंग्रजीत सिम्बायोसिस. जर्मनमध्ये झ्युम्बिओझं, फ्रेंचमध्ये सँबिओझ, इटालियनमध्ये सिम्बिओझी, रशियनमध्ये सिम्बिओज. साहेब एकेक नाव असं म्हणत की पाहुण्यांची ओळख करून देत आहेत असं वाटावं. सगळ्यांचं मूळ ग्रीक, अर्थ एकच, सोबत जगणं. उर्दूच्या बाजूला त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात हमज़ीस्ती असं लिहिलं होतं. मी मध्ये 'सहजीवन' लिहिलं आणि मोठ्या ऐटीत त्यांच्याकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. एका जर्मन माणसानं हा शब्द जिवांसाठी पक्का केला, तेव्हा त्यानं सांगितलं होतं, की वेगवेगळ्या नावाच्या जिवांनी एकत्र राहणं म्हणजे हे. तुझ्या शब्दात सोबत आहे, जगणं आहे, पण वेगळं नाव कुठं आहे? मी म्हटलं, तुमच्या तरी शब्दात कुठं आहे? साहेब हसले आणि म्हणाले, की मग दोन्ही पेन्सिलीतच राहू देत. आणि मला गच्चीवर घेऊन गेले.

गच्चीवर, उत्तरेच्या कठड्याच्या सावलीत, सात दगड एका ओळीत मांडलेले होते. साहेबांनी ते म्हैसमाळच्या उतारावरून बैलगाडीतून आणले होते, गवतात गुंडाळून. दगडांवर राखाडी-हिरवे, कडेला कुरळे झालेले पापुद्रे वाढलेले होते. साहेब रोज सकाळी नहरीच्या पाण्याचा हातानं शिपका मारत. ते म्हणाले, हे एक झाड नाही, हे दोघं आहेत. एक बुरशी, एक शेवाळ. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं. दोघांना वेगळं केलं तर उघड्या दगडावर एकही टिकणार नाही. दर वर्षी दिवाळीनंतरच्या एका ठरलेल्या सकाळी ते एकच मोठा तेलकट पातळ कागद ओळीनं प्रत्येक दगडावर ठेवत आणि पापुद्र्याची कड पेन्सिलीनं गिरवून घेत. वर्षाला वाढ किती, तर ज्वारीच्या दाण्याएवढी. वर्षावर्षाचे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की रेषा एकमेकींच्या बाहेर सरकत गेलेल्या दिसत. मी ते कागद पहिल्यांदा पाहिले तेव्हा बोटानं एकेक रेषा मोजत गेले होते. मी पुढं चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं ते त्या सकाळमुळं.

आता जे सांगायचं ते माझ्याच चुकीपासून सुरू होतं. मी पळत खाली आले आणि आत्याला सांगितलं, "आत्या, आपल्या काळ्या मसाल्यात दगडफूल असतं ना, ते म्हणजे दोन जीव आहेत. वर गच्चीवर दगडांवर वाढतंय बघ." आत्या कांदा चिरत होती. तिनं एवढंच विचारलं, "चांगलं हाय का? वास येतो?" मी म्हटलं, लई चांगलं आहे. साहेब ते मोजतात, हे मी सांगितलं नाही. दगडावरचं मोजत बसणाऱ्या माणसाला आत्या काय म्हणाली असती, याची मला लाज वाटली असावी.

साहेबांचा एकुलता एक मुलगा सलीम पोलीस ॲक्शननंतर कराचीला गेला होता. गोदीत नोकरी, तिथंच लग्न, एक मुलगी. दर महिन्याला त्याचं पत्र येई आणि दर पत्रात एकच मागणं असे, अब्बा, अम्मीला घेऊन या. पत्र आलं की खाला दिवसभर बोलत नसत. त्यांनी नातीला पाहिलं नव्हतं. पण त्या 'चला' असंही कधी म्हणाल्या नाहीत. साहेब पत्राला उत्तर लिहीत, की सध्या दगडांची नोंद चालू आहे, मध्येच सोडता येणार नाही. मला त्या उत्तरानं हायसं वाटायचं. मी स्वार्थी होते, हे आज सरळ सांगून टाकते. मला ते दोघं जायला नको होते. मला ती गच्ची हवी होती, चिठ्ठ्यांचे डबे हवे होते, दुपारी खालांच्या पानदानाचा वाजणारा अडकित्ता हवा होता, त्यांच्या खट्ट्या डाळीच्या फोडणीचा वास अंगण ओलांडून आला की आत्यानं नाक मुरडत, पण दार मात्र न लावता बसणं हवं होतं. करमाडला माझं घर होतं, पण मी जशी आहे तशी त्या अंगणात होते.

आम्ही त्या घरात आलो त्याच्या चौथ्या वर्षी, पावसाळा सरता सरता खालांना ताप आला आणि तो महिनाभर रेंगाळला. त्यांची चूल थंड पडली. पहिल्यांदाच विस्तव उलट दिशेनं गेला. आत्या आपल्या चुलीतला निखारा घेऊन जायची, खालांची चूल पेटवायची, त्यांच्याच पातेल्यात त्यांच्यासाठी पेज शिजवायची आणि घरी येऊन अंघोळ करायची. ताप उतरला, पण खालांच्या तोंडाची चव गेली. काही घशाखाली उतरेना. आत्या त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून विचारायची, काय खावंसं वाटतं, भाबी? खाला म्हणायच्या, "कुछ नक्को. तुम्हारे काले मसाले की खुशबू आती थी ना उधर से, बस वो याद आती." चार वर्षं अंगणापलीकडून त्यांनी फक्त वास घेतला होता. आत्यानं कधी दिलं नव्हतं, आणि खालांनी कधी मागितलं नव्हतं.

आत्यानं दिवाळी होताच मसाल्याची तयारी केली. धने, खोबरं, तीळ, लवंगा, सगळं जमलं. वाण्याकडचं दगडफूल तेवढं तिच्या मनास येईना, त्याला मातीचा वास येत होता. मी कॉलेजात होते, साहेब पोस्टात गेले होते. आत्या सुरी आणि सूप घेऊन गच्चीवर गेली.

दुसरी सकाळ मोजणीची होती. मी कागद, साहेब पेन्सिली, असे आम्ही वर गेलो. खाली उखळात मुसळ पडत होतं आणि सगळं घर मसाल्याच्या वासानं भरून गेलं होतं. दगड जागेवर होते. त्यांच्यावर पांढरट ओरखडे होते. साहेब हळूच खाली बसले आणि त्यांनी पहिल्या दगडावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, असं सातव्यापर्यंत. मला तोंड उघडावं लागलंच नाही. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, खालून येणारा तो वास त्यांना कळला, आणि ते म्हणाले, "अच्छा. म्हणजे आज अमीना जेवणार."

मी मात्र खाली जाऊन आत्यावर तुटून पडले. नऊ वर्षांचं काम होतं ते, नऊ वर्षांचं. आत्याचा मुसळावरचा हात थांबला. ती म्हणाली, "मला कुणी सांगितलं व्हतं का? तूच म्हनलीस, मसाल्यातलं हाय." मग मसाल्याकडं बघत, "समदं नाय काढलं. रानातलं कायबी घ्यायचं तर मुळाशी थोडं ठिवायचं अस्तंय." मला ते तेव्हा ऐकूही आलं नाही, एवढी मी रडत होते.

दुपारी खालांनी स्वतः उठून आत्यानं दिलेल्या त्या मसाल्याची भरली वांगी केली. साहेबांनी मला जेवायला बसवलं. खालांनी एक भाकरी खाल्ली, आणि मग दुसरी घेतली. साहेब त्यांच्याकडं बघत होते. तेवढ्यात आत्या अंगण ओलांडून आली. हातात गोवरी नव्हती. उंबऱ्याशी थांबली, मग पदर सावरून आत आली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली. "मसाला माझा हाय," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "मीठ जास्ती झालं का बघते." खालांनी तिला ताटली वाढली. आत्या जेवली, आणि आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत राहिलो. त्या दिवशी घरी येऊन तिनं अंघोळ केली नाही. मी हे बघितलं आणि त्याबद्दल कधी विचारलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी मला गच्चीवर बोलावलं. ते सलीमला लिहिणार होते, की आम्ही येतो. मी म्हटलं, आमच्यामुळं? आत्यामुळं? ती चुकली, साहेब, पण तिनं मुळाशी ठेवलंय, ते परत वाढेल. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"आज दुपारी मी अमीनाचं मनगट पाहिलं," ते म्हणाले. "ती इथं वाळत होती, बेटी, आणि मी दगडावरचं वाढणं मोजत होतो. सलीमला लिहायला मला हे दगड फार सोयीचे होते."

खालांना कुणी विचारलंच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. साहेबांनी नाही, मी तर नाहीच. विचारलं ते फक्त आत्यानं, आणि तेही एवढंच, की काय खावंसं वाटतं.

ते दोघं निघाले त्या दिवशी टांगा दारात उभा होता. साहेबांनी चिठ्ठ्यांचे डबे आणि दगड माझ्या स्वाधीन केले आणि नऊ कागद स्वतःबरोबर घेतले. आत्यानं उरलेला मसाला पितळी डब्यात दाबून भरला, वर फडकं बांधलं आणि तो खालांच्या मांडीवर ठेवला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि चार वर्षांत त्यांनी एकमेकींना पहिल्यांदा शिवलेलं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा आत्या गोवरीचा तुकडा हातात घेऊन अंगणात उभी होती. सवयीनं गेली होती. ती परत आली आणि तिनं काडेपेटी शोधली.

ते घर पुढं दुसऱ्या लोकांना मिळालं. आम्ही पडेगावच्या वाटेवर दोन खोल्या घेतल्या आणि दगडही सोबत नेले. मी शिकले, शिकवायला लागले. दर दिवाळीनंतर मी कागद ठेवून कड गिरवायची आणि त्याची एक नक्कल कराचीला पाठवायची. पहिली दोन वर्षं गिरवण्यासारखं काही नव्हतं, नुसते ठिपके. पाच दगडांवरचं मेलं. दोन तगले, आणि त्यांतल्या चौथ्या दगडानं जोर धरला. साहेबांच्या उत्तरात खुशाली दोन ओळींची असे आणि वर एक शब्द. गोदीत परदेशी जहाज लागलं की ते सलीमबरोबर जात आणि जहाजावरच्या डॉक्टरला गाठून त्याच्याकडून तो शब्द लिहून घेत. पोलिश, सिम्बिओझा. हंगेरियन, सिम्बिओझिश. फिनलंडचा, सुम्बिओओसी. एका वर्षी आइसलंडचा आला, सामलिवी, आणि खाली साहेबांनी लिहिलं होतं, या लोकांनी ग्रीक उसनं न घेता घरचंच वापरलं, अगदी तुझ्यासारखं, आणि यांच्याही शब्दात वेगळं नाव नाही. मी प्रत्येक शब्द त्या चिठ्ठीवर चढवत गेले. जागा संपली तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. ती चिठ्ठी आत्ता माझ्यासमोर आहे. मधला शब्द अजून पेन्सिलीतच आहे, आणि हात कापतो म्हणून आता शाईनं लिहायचं धाडसही होत नाही.

मग लढाई झाली आणि टपाल बंद पडलं. मी गिरवलेले कागद घरातच साठत गेले. टपाल सुरू झालं तेव्हा जे पत्र आलं त्यावर वर शब्द नव्हता. अक्षर खालांच्या नातीचं होतं. साहेबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. शेवटी शेवटी ते सगळे कागद उजेडात धरून बघत बसत, असं तिनं लिहिलं होतं. मी ते पत्र घेऊन आत्याजवळ बसले आणि रडले. आत्याला तोवर फारसं दिसत नव्हतं. ती म्हणाली, भाबीचं काय लिव्हलंय ते वाच. खाली खालांनी सांगून लिहवून घेतलेलं एक वाक्य होतं, की बहुत दिनों से मुँह का मज़ा गया है, गोदाबाई का मसाला कब का खत्म हो गया, डिब्बा रखा है.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ त्याच महिन्यात बहिणीला भेटायला कराचीला जाणार होते. धने, खोबरं, तीळ मी आणले. वाण्याकडचं दगडफूलही आणलं, नाकाशी धरलं आणि बाजूला ठेवलं. मग सुरी घेऊन चौथ्या दगडापाशी गेले. तेरा वर्षांत तो पापुद्रा माझ्या तळव्याएवढा झाला होता. त्याची एकेक रेषा माझ्या हातची होती, आणि प्रत्येक रेष एकदा साहेबांच्या डोळ्यांखालून गेली होती, निदान लढाईपर्यंतची. साहेबांसारखा मी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग सुरी टेकवली. दगडावर सुरीचा खरखर आवाज झाला तशी बाजेवरून आत्यानं मान वळवली.

"मुळाशी ठिव गं थोडं," ती म्हणाली. "भाबीनं परत मागितला तर कुठून देशील?"